रुसलंय की दुखतंय? मांजरांबद्दल वाचकांची पत्रं

संक्रांत उलटली की या सदराच्या टपालात मांजरांची पत्रं वाढतात. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर लाऊडस्पीकर, रात्री फटाके, घरात पाहुणे, जिन्यात आणि अंगणात मांजाचे गुंते. त्यातच दिवस मोठे होऊ लागतात आणि माद्या माजावर यायला लागतात. "अचानक बदललं", "स्वभावच पालटला" असं जवळजवळ प्रत्येक पत्रात लिहिलेलं आहे. या अंकात पत्रं आलेल्या तारखेनुसार न लावता तातडीनुसार लावली आहेत. पहिल्या तीन पत्रांतल्यासारखं काही तुमच्या घरी दिसलं तर आम्हाला पत्र लिहू नका, मांजराला पिशवीत घाला आणि दवाखाना गाठा. अंक छापून हातात पडेपर्यंत अशी मांजरं थांबत नाहीत.

प्रश्न : आमचा बोका तीन वर्षांचा, नसबंदी झालेला. उत्तरायणानंतर चार दिवसांनी गादीवर लघवी करायला लागला. ट्रेमध्ये (त्याच्या शी-शूच्या पेटीत) जातो, बसतो, उठतो, पुन्हा जातो. घरचे म्हणतात, पाहुण्यांचा राग काढतोय. शिस्त कशी लावायची? (मांजलपूर)

शिस्तीचा विषय बाजूला ठेवा. आधी एकच गोष्ट पाहायची : लघवी होते आहे का? ट्रेमधली माती, म्हणजे मांजरांसाठी विकत मिळणारी वाळू, चाळून लघवीने झालेले ओले गोळे मोजा. बोका दहा-दहा मिनिटांनी बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय आणि मातीत एकही ओला गोळा नाही, असं असेल तर लघवी तुंबली आहे. बऱ्याच घरांत याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिलं जातं आणि मोलाची रात्र वाया जाते.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फारच अरुंद असते. खडे, चिकट श्लेष्मा किंवा नुसतं सुजेमुळे आलेलं आकुंचन एवढ्यानेही ती बंद होते. मादीत हे क्वचित घडतं. नळी बंद झाली की साधारण दिवसभरात रक्तात विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम साठायला लागतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. उलट्या, गारठलेले पंजे, मलूल पडून राहणं ही त्यानंतरची पायरी. दोन-तीन दिवसांत मांजर दगावू शकतं. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा कडक गोळा हाताला लागेल. तो दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं. जबरदस्तीने पाणी पाजू नका आणि माणसांचं मुतखड्याचं सिरपही देऊ नका. डॉक्टर शिरेतून सलाईन देऊन, भूल देऊन नळी घालतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवस ठेवून घेतात.

थोडी थोडी का होईना, लघवी होत असेल तर वेळ आहे, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवाच. दहा वर्षांखालच्या मांजरांत अशी तक्रार बहुतेकदा जंतूंमुळे नसते. म्हणून मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक गोळी देण्यात अर्थ नाही. मूत्राशयाच्या अस्तराला सूज येते, तपासणीत ठोस कारण सापडत नाही, आणि मागे वळून पाहिलं तर बहुधा ताण दिसतो : नवीन माणसं, आवाज, घराची रंगरंगोटी, खिडकीबाहेरचा परका बोका. पाहुण्यांशी संबंध आहे हे तुमच्या घरच्यांचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर आहे, फक्त तो राग नाही. लघवीला आग होते, मांजर ट्रे आणि आग यांची सांगड घालतं, मग मऊ गादी शोधतं. अशी सूज पाच-सात दिवसांत ओसरते, पण पुन्हा पुन्हा उद्भवते. त्या दिवसांत डॉक्टरांकडून वेदनाशामक घेणं गरजेचं आहे. मांजराचं वेगळं औषध असतं. घरातलं कुठलंही नाही, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून पहिला उपाय पाणी. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलं असेल तर दिवसातलं निदान एक जेवण ओलं करा. उकडलेल्या चिकनमध्ये किंवा पाउचमधल्या तयार ओल्या खाण्यात दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी मिसळा. चिकनचं पाणी द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण न घालता. पाण्याची भांडी पसरट, मिशा कडेला न घासणारी, दोन-तीन ठिकाणी आणि जेवणाच्या वाटीपासून लांब. पोळी-दूध हा आपल्या घरांतला जुना रिवाज आहे, पण त्यात मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं नसतं आणि मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही.

दुसरा उपाय ट्रे. बाजारातले बहुतेक ट्रे आखूड असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या दीडपट ट्रे हवा, म्हणजे अंगापिंडाने बऱ्यापैकी बोक्याला 60 ते 65 सेंटिमीटर. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन एक बाजू 10-12 सेंटिमीटर उंचीपर्यंत कापली की उत्तम ट्रे होतो, कापलेली कड मात्र घासून गुळगुळीत करा. माती बारीक, गोळा होणारी, बिनवासाची. थर 5 ते 7 सेंटिमीटर. सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे, आठवड्यातून एकदा सगळी माती बदलून ट्रे साध्या साबणाने धुवायचा. फिनाईल नको. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी तर अजिबात नाही. एकदा स्पिन सुरू असताना दचकलेलं मांजर पुन्हा त्या ट्रेकडे फिरकत नाही. मातीचा ब्रँड बदलायचा असेल तर जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदला.

गादीचं काय? लघवी टिपून घ्या, चोळू नका. एन्झाइमवाली कपड्यांची पावडर एक भाग, कोमट पाणी नऊ भाग, असं द्रावण जिरवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने काढा, वाळू द्या, मग कोपऱ्यात रंग जात नाही हे पाहून सर्जिकल स्पिरिट लावा. नुसत्या व्हिनेगरने किंवा सुगंधी फरशी-क्लीनरने माणसाच्या नाकाचं समाधान होतं. यूरिक ॲसिडचे स्फटिक तिथेच राहतात आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास परत उठतो. मांजराला तो बारा महिने येतो.

एक फरक लक्षात ठेवा. खाली बसून आडव्या जागेवर मोठं थारोळं, ही लघवी. उभं राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी चिळकांडी, हे हद्द आखणं. नसबंदी न झालेला बोका हे करत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी नऊ बोक्यांत ते थांबतं किंवा बरंच कमी होतं, मात्र काही आठवडे जावे लागतात.

प्रश्न : सात महिन्यांचं पिल्लू. काल दिवसभर उड्या मारत होतं, आज कपाटाखाली बसलंय. दोनदा उलटी, लाळ गळतेय, जवळ गेलं की गुरगुरतं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. गच्चीवरचा मांजा घेऊन खेळत होतं एवढं आठवतं. (दांडिया बाजार)

दृष्ट काढायची तर काढा, पण रिक्षात बसल्यावर. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर गेला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. गिळलेल्या दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं आणि दोरा हलत नसल्याने स्वतःच त्याच्यावर गोळा होत जातं. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात, अगदी तसं. काही तासांनी ताणलेला दोरा आतड्याला आतून कापायला लागतो. काचेची पूड लावलेला मांजा हे काम लवकर करतो, आणि नायलॉनचा तर कुजतही नाही.

पिल्लू तोंड उघडू देत असेल तर जिभेचा बुडखा अंगठ्याने खालून वर ढकलून बघा, दोऱ्याचा वेढा दिसतो का. दिसला तर ओढू नका. मागच्या बाजूने दोरा लोंबत असेल तरी ओढू नका, कारण आत कुठे अडकलाय ते बाहेरून कळत नाही. तूप, एरंडेल, केळं, काहीही देऊ नका, शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. दोरा एक्स-रेत दिसत नाही, चुण्या पडलेलं आतडं दिसतं. सोनोग्राफीत अधिक स्पष्ट होतं. डॉक्टरांना "मांजा" हा शब्द दारातच सांगा.

ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही त्यांनी गच्ची, पत्रे आणि कुंड्यांमागचा मांजा आज गोळा करून बंद डब्यात टाका. फिरकी कपाटात ठेवा. वर्षभरात हेच काम गजऱ्याचा आणि हाराचा दोरा, राखीचा गोंडा, सुई-दोरा, केसांचे रबर करतात. रस्त्यावरचं बेवारस जनावर किंवा पक्षी मांज्यात सापडलेला दिसला तर गुजरातेत 1962 हा करुणा ॲम्ब्युलन्सचा क्रमांक आहे.

लपून बसणं या एका लक्षणाबद्दल थोडं अधिक. मांजर शिकारी आहे तसंच ते मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे, त्यामुळे दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही. कण्हणार नाही, लंगडणारही नाही कदाचित. नेहमीची जागा सोडेल, एवढंच. घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, हाही गैरसमज; फार दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर दाखवायचं, आणि लठ्ठ मांजर असेल तर तेवढंही थांबायचं नाही. उपाशी लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून त्याचाच वेगळा आजार सुरू होतो.

प्रश्न : घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत. पिसवा झाल्या म्हणून कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध थोडंसं मांजरीलाही लावलं. तीन तासांनी तिचे कान फडफडायला लागले, अंग थरथरतंय. (वाघोडिया रोड)

कुत्र्याच्या गोचिडांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृतात ते निकामी करणारी यंत्रणा कमजोर आहे, म्हणून "थोडंसं"ही पुष्कळ होतं. कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण यांनी ती जागा दोन-तीनदा धुवा. गरम पाणी नको, कातडीचा रक्तप्रवाह वाढून औषध जास्त शोषलं जातं. अंग कोरडं करा, टॉवेलात गुंडाळा, औषधाचं पाकीट बरोबर घ्या आणि निघा. आकडी येऊ शकते, आणि उपचाराविना थरथर तीन दिवसही टिकते. वेळेत पोचलेली मांजरं सहसा सावरतात. पुढचे काही दिवस कुत्रा आणि मांजर वेगळे ठेवा, ती त्याची मान चाटते.

याच कारणाने पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास वाढतो. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं फिनाईल, डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल हेही त्याच यादीत. फरशी पुसल्यावर मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं, हे पुसणाऱ्या बाईंना सांगून ठेवा. फुलांच्या गुच्छात लिली असेल तर घरात आणूच नका. तिच्या परागानेही मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात.

प्रश्न : दोन सख्ख्या बहिणी, चार वर्षं एका टोपलीत झोपणाऱ्या. मागच्या आठवड्यात मोठी खिडकीत बसली होती, बाहेर एक काळा बोका आला. ती फिस्कारली आणि वळून धाकटीवर तुटून पडली. मी मध्ये गेले तर माझा हात फोडला. तेव्हापासून दोघी एकमेकींना बघितलं की गुरगुरतात. (कारेलीबाग)

हा स्वभावातला बदल नाही, चुकलेला पत्ता आहे. राग बोक्यावरचा, पण मध्ये जाळी. मग जो जवळ हलला त्याच्यावर तो निघाला. पेटलेलं मांजर काही तास, कधी कधी दोन दिवसही निवत नाही, आणि या काळात धाकटी दिसली की भांडणाची नवी फेरी. तुम्ही मध्ये हात घातलात हे साहजिक आहे, तरी पुढच्या वेळी हात नको. जाड रजई किंवा पुठ्ठा दोघींच्या मधे सरकवा, मोठीला ढकलत एका खोलीत न्या, दिवा मालवा, दार लावा. आत पाणी आणि ट्रे हवाच. समजूत काढायला आत जाऊ नका. ओरडणं आणि पाणी मारणं यांनी भडका वाढतो.

आता आठवडा झालेला असल्याने दोघींची पुन्हा ओळख करून द्यावी लागेल. घाई केली की सगळं पहिल्यापासून. पहिले दोन-तीन दिवस दोघी वेगळ्या खोल्यांत, प्रत्येकीचा ट्रे-पाणी वेगळं. एकीच्या गालावर स्वच्छ पायमोजा फिरवा आणि तो दुसरीच्या वाटीखाली ठेवा, रोज अदलाबदल. त्या वासावर ती शांतपणे जेवली तर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून सहा-सहा फुटांवर वाट्या मांडा आणि रोज एक फूट जवळ आणा. दाराला लागून दोघी निवांत जेवायला लागल्या की दार दोन बोटं उघडा, किंवा मध्ये मच्छरदाणीची जाळी ताणा. त्यानंतर जाळीशिवाय पाच मिनिटं, दोघींना आवडीचा खाऊ देत. फिस्कारणं झालं की एक पायरी मागे. कुठे दोन आठवडे लागतात, कुठे दोन महिने. आमचं मत विचाराल तर बहुतेक घरांत चौथ्या दिवशी "आता काही नाही होत" म्हणत दार उघडलं जातं, तिथेच बिघडतं.

त्याच वेळी खिडकीचा बंदोबस्त करा. खालचे दोन फूट बटर पेपर किंवा काचेला चिकटवायची धूसर फिल्म लावा. ओट्यावर भटक्या मांजरांसाठी वाटी ठेवत असाल तर ती घरापासून लांब न्या. आणि मोठीला एकदा तपासून घ्या : दात, कान किंवा पाठ दुखत असेल तर तिचा संयम आधीच संपलेला असतो.

अशीच भांडणं एक मांजर दवाखान्यातून परत आल्यावरही होतात, कारण त्याला दवाखान्याचा वास येत असतो. आल्या आल्या काही तास वेगळं ठेवा, घरातल्या चादरीवर लोळू द्या.

हाताच्या जखमेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो : मांजरीला रेबीजची लस दिलेली आहे का? मांजराचे सुळे बारीक आणि लांब. जखम वरून टिपक्याएवढी, आत खोल. बारा ते चोवीस तासांत ती सुजते आणि ठणकते, तेव्हा माणसांच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. चावल्या चावल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल, तिखट काही भरायचं नाही. रक्त आलेली जखम रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या श्रेणीची. तिला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कातडीत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर 14 व्या दिवशीही. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, मात्र त्या दहा दिवसांसाठी आपली लस थांबवायची नाही. मांजर धडधाकट राहिलं तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतील. लस न दिलेलं, बाहेर फिरणारं मांजर विनाकारण अंगावर धावत असेल, किंवा रानटी मांजर अचानक गरीब होऊन जवळ येत असेल, तोंडातून लाळ गळत असेल आणि आवाज बदललेला असेल, तर त्याला हात लावू नका. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली रेबीजची लस, वर्षाने पुन्हा.

प्रश्न : सहा महिन्यांची मनी तीन रात्री रडतेय. जमिनीवर लोळते, पायाला अंग घासते, कंबर वर करून मागचे पाय आपटते. पोटात दुखतंय का? (रावपुरा)

नाही. माजावर आली आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनही येतात. माज आठवडाभर चालतो आणि बोका न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत परत येतो, पावसाळा संपेपर्यंत हाच पाढा. दारं-खिडक्या लावून ठेवा. गाभण राहिली तर साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं. नसबंदी हाच उपाय, आणि "एकदा पिल्लं होऊ द्यावीत" याला काहीही आधार नाही. पहिल्या माजाआधी किंवा लवकर केलेल्या नसबंदीने स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो. माज थांबवायच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर घेऊ नका, त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि मधुमेहही जडू शकतो.

प्रश्न : माझी मांजर चौदा वर्षांची. मी एकटी राहते. महिनाभर ती पहाटे तीनला भिंतीकडे तोंड करून मोठ्याने ओरडते. खाते पूर्वीपेक्षा जास्त, तरी हाडं लागतात हाताला. नात म्हणते, आजी, ती म्हातारी झाली, विसरते. खरं आहे का? (अलकापुरी)

आजी, नातीचं अर्धं खरं असू शकतं. म्हाताऱ्या मांजरांना विसर पडतो, दिवस-रात्र उलटी होते. पण खाणं वाढून वजन घटतंय, हे विसराळूपणाने होत नाही. त्यासाठी आधी थायरॉइड बघायचं. दहा वर्षांवरच्या मांजरांत ही ग्रंथी वाढणं नेहमीचं आहे. भूक, बेचैनी, रात्रीचं ओरडणं, कधी जुलाब, असं चित्र असतं. तिच्या जोडीने मूत्रपिंडं आणि रक्तदाब. रक्तदाब 160 च्या वर राहिला तर डोळ्यांना धोका. एका रात्रीत दिसेनासं झालेलं मांजर भिंतींना धडकतं, बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात. असं दिसलं तर त्याच दिवशी औषध सुरू झालं पाहिजे.

दवाखान्यात जाण्याआधी घरी दोन मोजमापं घ्या, डॉक्टरांचं काम निम्मं होईल. वजन : तिला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, वजाबाकी. साध्या काट्याला शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही, तर जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडचा बाळांचा काटा मागा. चार किलोच्या मांजराचे महिन्यात दोनशे ग्रॅम घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. पाणी : सकाळी 500 मिलिलिटर मोजून भांड्यात ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. तसंच दुसरं भांडं तिच्या आवाक्याबाहेर ठेवा. त्यातून जेवढं उडालं तेवढं वजा करायचं, बडोद्याच्या कोरड्या हवेत ते दुर्लक्ष करण्याएवढं नसतं. किलोमागे दिवसाला 50 मिलिलिटरच्या वर पीत असेल तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायलाच हवा.

रक्तात टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि साखर, शिवाय लघवीची घनता आणि रक्तदाब. एवढं एका फेरीत होतं. थायरॉइड निघालं तर रोज गोळी लागते, बहुधा कायमची, आणि दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून मात्रा ठरते. माणसांच्या थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्या याच्या बरोबर उलट्या कामाच्या असतात, त्या चुकूनही देऊ नका.

सगळ्या तपासण्या नीट आल्या तर मग नातीचं म्हणणं धरायचं. रात्री ट्रेजवळ आणि पाण्याजवळ लहान दिवा, निजताना थोडं ओलं जेवण, सामान आहे त्या जागी. ट्रेची कड उंच असेल तर कापून घ्या. या वयात गुडघे आणि कंबर दुखतात, आणि खुर्चीवर उडी न मारणं किंवा ट्रेच्या बाहेर शी करणं याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. ती ओरडली की रागावू नका. एकदा हाक मारा. आवाजाच्या दिशेने ती येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते.

जाताना तिचा तीनचा आवाज नातीला मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायला सांगा. दवाखान्याच्या टेबलावर मांजरं गप्प बसतात. टोपली दोन-तीन दिवस आधीच उघडी ठेवा, तळाशी तुमची वापरलेली साडी घाला. रिक्षात टोपली मांडीवर न ठेवता सीटवर घट्ट धरा आणि वरून कापड टाका. एरवी उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा. टोपलीत तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर दिसलं तर कापड काढा, सावलीत थांबा, आणि दोन-तीन मिनिटांत श्वास निवला नाही तर जो दवाखाना जवळ असेल तिथेच शिरा.